भयपट बघायला लागलास? मग हे ऐक

आठवड्यात तीन भयपट संपवलेस आणि म्हणतोस, भीतीच वाटली नाही. अरे, जेवता जेवता मोबाईलवर, मधेच रील्स बघत बघितल्यावर काय वाटणार? भयपट अर्धा कानांनी बघायचा असतो. हेडफोन लाव, दिवा घालव. आमच्या गोव्यातल्या डिचोलीत पावसात वीज आपणच जाते, तेवढं एक बरं!

सुरुवात ‘तुंबाड’ने (२०१८) कर. त्यातला पाऊस खरा आहे, अनेक पावसाळे थांबून चित्रित केलेला. तसली ओल आपल्याही भिंतींना असते, म्हणून तो जास्त अंगावर येतो. मग मराठी ‘लपाछपी’. ऊसाच्या फडात एवढी भीती लपली असेल असं मला वाटलं नव्हतं. त्याचा दिग्दर्शक विशाल फुरियाने २०२१ मध्ये त्याचाच हिंदीत ‘छोरी’ केला. मला मूळचाच आवडतो. मल्याळम ‘भ्रमयुगम’ कृष्णधवल आहे म्हणून सोडू नकोस, मामुटीचं नुसतं हसणं ऐक.

थरारपटात अजय देवगणचा ‘दृश्यम’ आहेच, गोव्यातच घडतो. घरच्यांबरोबर बघ, पण ज्याने आधी पाहिलाय त्याला शेजारी बसवू नकोस. माझ्या भावाने अर्ध्यातच शेवट सांगून टाकला होता.