तीन फुटी रीफ टाकीत कोणते मासे एकत्र राहतील (नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार धरून)

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मनीषनगरातला फ्लॅट, तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी, खाऱ्या पाण्याचा पहिलाच अनुभव. झोअँथिड आणि मशरूम असे मऊ प्रवाळ ठेवायचे आहेत. मासे म्हणून दोन क्लाउन, एक ब्लू टँग, एक मँडरिन, तीन डॉमिनो डॅम्सल आणि एक छोटा लायनफिश. दुकानदार म्हणाला सगळे चालतात, तर हे खरंच एकत्र राहतील का?

नाही राहणार. या यादीतले फक्त क्लाउन ठेवा. बाकीचे का नकोत ते सविस्तर सांगते, म्हणजे पुढची निवड तुमची तुम्हाला करता येईल.

लायनफिशपासून सुरू करू, कारण तिथे वादाला जागाच नाही. त्याच्या तोंडात जे मावतं ते त्याचं जेवण. आज छोटा दिसतोय, पण तो भराभर वाढतो आणि तोंड अंगाच्या मानाने फार मोठं उघडतं. तो कोणाशी भांडत नाही, दिवसभर एका जागी तरंगतो, म्हणून लोकांना शांत वाटतो. एका सकाळी मात्र टाकीत एक मासा कमी असतो. शिवाय त्याच्या पाठीवरच्या काट्यांत विष असतं. घरात लहान मुलं असतील तर हेही धरून चला.

डॉमिनो डॅम्सलचं उलट आहे. मासा चिवट, स्वस्त, लहानपणी काळ्या अंगावर पांढरे ठिपके, दिसायला गोड. पण तो तळहाताएवढा होतो आणि वाढताना टाकीचा अर्धा भाग आपला समजतो. तीन घेतले तर तिघांत एकच उरेपर्यंत मारामारी चालते, आणि उरलेला एक मग क्लाउनच्या मागे लागतो. त्याला बाहेर काढणं हे तर वेगळंच काम आहे. जाळी दिसली की तो खडकात शिरतो, आणि मग सगळा खडक उचलल्याशिवाय हाती लागत नाही. प्रवाळ चिकटवलेली, जमलेली टाकी एका डॅम्सलसाठी उपसावी लागलेले लोक मी पाहिले आहेत. नवी टाकी 'सायकल' करायला (म्हणजे घाण पचवणारे जिवाणू आधी वाढवायला) डॅम्सल टाका असा सल्ला अजूनही दिला जातो. तोही मानू नका. जिवाणू वाढायला अमोनिया लागतो, मासा लागत नाही. शुद्ध अमोनिया थेंबाने घालून किंवा थोडं खाद्य कुजवूनही ते काम चार ते सहा आठवड्यांत होतं.

ब्लू टँग सुमारे 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि दिवसभर पोहत राहतो. त्याला सहा फुटी टाकी हवी. "लहान आणू, मोठा झाला की परत देऊ" असं तुम्ही लिहिलंय. नागपुरात सहा फुटी खाऱ्या टाक्या किती घरांत असतील याचा विचार करा. मोठा झालेला टँग घेणारं कोणी सापडत नाही आणि तो तीन फुटांत अडकून पडतो. ताणाखाली या माशाला पांढऱ्या ठिपक्यांचा आजार चटकन होतो, आणि एकाला झाला की टाकीतल्या सगळ्यांना तो पोचतो.

मँडरिनबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण तो कोणालाही त्रास देत नाही आणि उपाशी मरतो. खडकावरचे कोपेपॉड, म्हणजे बारीक कवचधारी जीव, तो दिवसभर टिपत असतो. नव्या टाकीतले कोपेपॉड थोड्याच दिवसांत संपतात, गोळी किंवा फ्लेक्सकडे तो बहुतेक वेळा बघतही नाही. महिनाभर रंग तसाच राहतो, फक्त पोट आत जात राहतं. मोठी आणि किमान वर्षभर मुरलेली टाकी असल्याशिवाय तो आणूच नका.

आता निवड कशी करायची ते सांगते. लोक आधी मासे ठरवतात आणि मग टाकीत कोंबतात. तुम्ही आधी टाकीतल्या जागा वाटून घ्या. रीफवरचा मासा बहुतेक वेळा राहायच्या जागेवरून आणि आपल्यासारख्याच दिसणाऱ्याशी भांडतो. दोघांना एकच फट हवी असेल तर दोघेही 'शांत' जातीचे असून उपयोग नाही. दोघांच्या जागा वेगळ्या असतील तर ते वर्षानुवर्षं एकमेकांकडे बघतही नाहीत.

तुमच्या टाकीचं माप सुमारे 190 लिटर, पण खडक आणि वाळू गेल्यावर पाणी दीडशेच्या आसपास उरेल. त्यात वाळूची जागा वॉचमन गोबीला द्या. तो पिस्तूल कोळंबीबरोबर एकाच बिळात राहतो. कोळंबी जवळजवळ आंधळी, ती बीळ खणते. गोबी दारात पहारा करतो, आणि कोळंबीची मिशी सतत त्याच्या अंगाला लागलेली असते. धोका दिसला की तो शेपूट हलवतो आणि दोघे आत. हे घरबसल्या बघायला मिळणं हीच मला या छंदातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, ब्लू टँगच्या निळ्या रंगापेक्षाही. खडकाच्या वर, मधल्या पाण्यात एक फायरफिश. तो भित्रा आहे आणि उडी मारतो, त्यामुळे टाकीवर बारीक जाळी पाहिजेच, काच ठेवली तर हवा कोंडते. खडकाच्या सावलीत एक बांगाई कार्डिनल. दोन कार्डिनल नर निघाले तर भांडतात, म्हणून एकच. आणि एका कोपऱ्यात क्लाउनची जोडी.

क्लाउन घेताना ऑसेलॅरिसच घ्या, मरून किंवा टोमॅटो क्लाउन नको, ते बरेच तापट असतात. दोन जाती एकत्र करू नका, तीन मासेही नकोत. एक थोडा मोठा आणि एक लहान असे दोन निवडा. सगळे क्लाउन आधी नर असतात, जोडीतला वरचढ मोठा होऊन मादी बनतो. दोघे सारख्याच आकाराचे असतील तर हे ठरेपर्यंत चावाचावी चालते. शक्यतो हॅचरीत वाढवलेले मागा. आपल्याकडे केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनच्या प्रजननाचं तंत्र केव्हाच विकसित केलं आहे, असे मासे तयार खाद्य खातात आणि टाकीला सरावलेले असतात. अॅनिमोन (समुद्रफूल, ज्यात क्लाउन लपतो) मात्र आत्ता नको. क्लाउनला त्याची गरज नाही, आणि अॅनिमोन टाकीभर सरकत जातो, प्रवाळांना भाजतो, नाहीतर वेव्हमेकरमध्ये (पाणी फिरवणाऱ्या पंपात) अडकून मरतो आणि पाणी नासवतो.

असे पाच मासे झाले. टाकीत शेवाळ धरलं की एक लॉनमोअर ब्लेनी, तो शेवाळ खरवडून खातो म्हणून त्याआधी नको. त्यानंतर थांबा.

दुकानात आणखी काही नावं समोर येतील. रॉयल ग्रामा चांगला मासा आहे, पण जांभळा-पिवळा तसाच दिसणारा रॉयल डॉटीबॅक त्याच्या नावाने विकला जातो, आणि तो फायरफिशला जगू देत नाही. ग्रामाच्या अंगावर जांभळा रंग हळूहळू पिवळ्यात मिसळतो आणि वरच्या परावर काळा ठिपका असतो, डॉटीबॅकचे दोन रंग रेघ ओढल्यासारखे वेगळे. सिक्सलाइन रास हा मासाही नको. क्रोमिसचा थवा सुंदर दिसतो, पण छोट्या टाकीत एकेक करून कमी होत जातो. बटरफ्लाय आणि मोठे एंजल प्रवाळ खातात, ट्रिगर कोळंबी खातो. क्लीनर रासऐवजी क्लीनर कोळंबी घ्या.

पाच-सहा माशांवर थांबा म्हणते त्याला आपलं हवामान मोठं कारण आहे. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस असताना घरात अडतीस सहज होतं, आणि या माशांना 25-26 अंश हवेत. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, खाऱ्या पाण्यात आणखी कमी, आणि त्याच वेळी माशाची गरज वाढते. दुपारी वीज गेली आणि वेव्हमेकर बंद पडला की पाच-सहा मासे जेवढा वेळ काढतात तेवढा दहा काढू शकत नाहीत. बॅटरीचा एअर पंप आजच घेऊन ठेवा, आणि वेव्हमेकर इन्व्हर्टरवर टाका. पाण्यावर पंखा सोडला तर कोरड्या हवेत पाणी दोन-चार अंश उतरतं, पण आपला कूलर त्याच खोलीत चालू असेल तर हवा दमट होऊन पंख्याचा गुण कमी होतो. पावसाळ्यात तर तो जवळजवळ उरतच नाही. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) किंवा एसीची खोली, यातलं एक तुम्हाला लागणारच. उन्हाळ्यात रोज पाणी उडेल, ते भरताना खारं पाणी घालू नका. मीठ टाकीतच राहिलेलं असतं, फक्त आरओ-डीआयचं (क्षार पूर्ण काढलेलं) गोडं पाणी भरा आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या यंत्रावर) घनता 1.025 राखा. पिण्याच्या आरओचं पाणी पुरेसं शुद्ध नसतं, त्यात बऱ्याचदा मुद्दाम थोडे क्षार सोडलेले असतात.

मासे सोडण्याचा क्रमही महत्त्वाचा. रेल्वेच्या जनरल डब्यात आधी बसलेला नंतर येणाऱ्याला सरकू देत नाही, तसंच टाकीत होतं. म्हणून आधी फायरफिश आणि गोबी, दोन-तीन आठवड्यांनी कार्डिनल, आणि क्लाउन सगळ्यात शेवटी. लोक बरोबर उलटं करतात आणि मग क्लाउन भांडखोर निघाला म्हणतात.

प्रत्येक मासा आधी वेगळ्या साध्या टाकीत किमान चार आठवडे ठेवा. आपल्याकडे मासे मुंबई किंवा चेन्नईहून पिशव्यांत प्रवास करून येतात, थकलेले असतात, आजार त्याच वेळी डोकं वर काढतो. तांब्याचं औषध द्यायचं तर याच टाकीत, मुख्य टाकीत ते गेलं की कोळंबी आणि प्रवाळ संपले. पांढरे ठिपके एकदा मुख्य टाकीत शिरले तर सगळे मासे काढून टाकी सुमारे अडीच महिने रिकामी ठेवावी लागते. आणि दुकानात आल्या दिवशी मासा उचलू नका. आठवडाभर जाऊ द्या, मग दुकानदाराला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. खात नसेल, पोट आत गेलं असेल किंवा कल्ले धापा टाकल्यासारखे हलत असतील तर रिकाम्या हाताने परत या.

प्रवाळांबद्दल एवढंच, पण ते नीट वाचा. 2001 पासून खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षित आहेत, समुद्रघोडेसुद्धा. टॉर्च आणि हॅमर हे दिसायला मऊ, पण कठीण प्रवाळांतच मोडतात. तुम्ही झोअँथिड आणि मशरूम म्हणताय ते या गटात येत नाहीत. खडकही समुद्रातून काढलेला नको, सिरॅमिकचा घ्या. गोबीच्या बिळासाठी तो आधी तळाच्या काचेवर टेकवा आणि मग वाळू टाका, नाहीतर कोळंबी खालून खणेल आणि ढीग कोसळेल.

लायनफिशसाठी आगाऊ पैसे दिले असतील तर त्याच पैशांत रिफ्रॅक्टोमीटर आणि एअर पंप मागून बघा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की आकडे इथे टाका, खडकाचा फोटोही टाका. फायरफिशला लपायला कुठली फट आहे ते बघून पहिला मासा ठरवू.