होमस्टेड, सॉड, ब्रेकिंग : प्रेअरीवरच्या शेतकऱ्याला मराठी शब्द

प्रश्न असा आहे : अमेरिकेतल्या नेब्रास्कात १८७०च्या सुमारास राहायला गेलेल्या एका शेतकरी कुटुंबाच्या आठवणी मराठीत आणायच्या आहेत. ‘प्रेअरी पायोनियर’ला ‘माळरानावरचा आद्य शेतकरी’, ‘होमस्टेड’ला ‘वतन’, ‘सॉड हाउस’ला ‘मातीचे घर’ आणि ‘बफेलो चिप्स’ला ‘म्हशीच्या गोवऱ्या’ असे शब्द योजले आहेत. ते चालतील का?

चारही बदलावेत असे मला वाटते. नेमके शब्द आपल्या शेतीच्या आणि महसुलाच्या बोलीत आहेत, फक्त तिथे काय घडत होते ते आधी पाहायला हवे.

‘माळरान’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुरमाड, उथळ, पावसाळा सरला की पिवळी पडणारी जमीन येते. पूर्व नेब्रास्का, आयोवा, इलिनॉय इथली उंच गवताची प्रेअरी याच्या अगदी उलट. माती खोल, काळी, कसदार. गवत माणसाच्या उंचीचे किंवा त्याहून वर आणि मुळे कित्येक फूट खाली गेलेली. ‘पडीक’ही नको, कारण पडीक म्हणजे पूर्वी वहितीत असलेली आणि मग सोडलेली जमीन. ‘गायरान’ गावाच्या गुरांच्या चराईसाठी राखलेले असते. शाळेच्या भूगोलामुळे ‘प्रेअरी’ हा शब्द मराठी वाचकाला परका नाही, तोच ठेवावा. फार पश्चिमेकडच्या, कमी पावसाच्या आखूड गवताच्या पट्ट्याबद्दल मजकूर असेल तर तिथे ‘माळ’ शोभेल.

‘आद्य’ तर काढूनच टाका. पॉनी, मँडन, हिदात्सा हे तिथले मूळ रहिवासी त्याच गवताळ मुलखातल्या नद्यांच्या काठी कितीतरी आधीपासून मका, घेवडा, भोपळा पिकवत होते. ‘वसायला आलेला शेतकरी’ किंवा ‘नवा वसाहतकार’ म्हणावे.

आता होमस्टेड. वतन म्हणजे सेवेबद्दल वंशपरंपरेने चालणारा हक्क. इथे सेवा नाही की वंशपरंपरा नाही. २० मे १८६२ रोजी लिंकनच्या सहीने झालेला आणि १ जानेवारी १८६३पासून लागू झालेला अमेरिकेचा होमस्टेड कायदा १६० एकर सरकारी जमीन देत होता. अर्जदार २१ वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख हवा, अमेरिकेचा नागरिक किंवा नागरिक होण्याचा इरादा नोंदवलेला हवा. फी सगळी मिळून १८ डॉलर. अट मात्र खरी कसोटीची : त्या जमिनीवर घर बांधून राहायचे, पाच वर्षे ती कसायची आणि मग दोन साक्षीदारांनिशी ते सिद्ध करायचे. सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलर भरले तर वाट न पाहताही मालकी मिळे. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीला स्वतःच्या नावे अर्ज करता येई. नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या बाईला सहसा नाही. कुटुंबाची कथा असल्याने हा तपशील अनुवादात पुसट होऊ देऊ नका. आणि पुढेमागे कॅनडाचा उल्लेख आला तर आकडे बदलतात : तिथला कायदा १८७२चा, फी १० डॉलर, मुदत तीन वर्षे.

आपल्याकडे याच्या जवळची व्यवस्था मराठेशाहीतली : ओसाड जमीन लागवडीला आणणाऱ्याला कौल, म्हणजे सवलतीचे लेखी आश्वासन, देत आणि सारा दरसाल थोडाथोडा चढवत न्यायचा ‘इस्तावा’ ठरवत. शब्द देखणा आहे, पण आजच्या वाचकाला त्यालाच टीप द्यावी लागेल, आणि साऱ्याचा मुद्दा होमस्टेडमध्ये नाहीच. म्हणून कायद्याच्या अर्थी ‘होमस्टेड’ तसाच ठेवा. त्याच्या भोवतीचे शब्द मात्र खुशाल मराठी घ्या : ‘क्लेम’ला ‘दावा’ नको, त्याने कोर्टकचेरी आठवते, ‘जमीन नोंदवली’ म्हणा, ‘प्रूव्ह अप’ला ‘हक्क शाबीत केला’, आणि शेवटी हाती येणाऱ्या ‘पेटंट’ला ‘सनद’. ‘क्वार्टर सेक्शन’ म्हणजे ‘पाव सेक्शन’ : सेक्शन एक मैल बाय एक मैल, ६४० एकरांचा, त्याचा पाव भाग १६०.

होमस्टेडचा दुसरा अर्थ त्या जमिनीवरचे घर, गोठा, विहीर असा एकत्रित आहे. त्यासाठी पश्चिम महाराष्ट्रातला ‘वस्ती’ हा शब्द चपखल बसतो. मराठवाड्यात त्याला ‘आखाडा’ म्हणतात. स्वतःच्या रानातच राहण्याची सक्ती असल्याने तिथे आपल्यासारखे गावठाण आणि भोवती शिवार अशी रचना झाली नाही. अर्धा मैल लांबी-रुंदीच्या प्रत्येक तुकड्यावर एकेक वस्ती, हाक मारून ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर. त्या आठवणींमधला एकटेपणा याच रचनेतून येतो, म्हणून इथे ‘घर’ किंवा ‘गाव’ असे शब्द सैलपणे वापरू नयेत.

‘मातीचे घर’ म्हणजे आपल्याकडे मळलेल्या मातीच्या भिंती. सॉड हाउसमध्ये माती मळतच नाहीत. मुळांनी विणलेला जमिनीचा वरचा थरच कापून रचतात. मी ‘ढेपांचे घर’ म्हणेन. जमीन ओलसर असताना खास नांगराने सुमारे फूटभर रुंद आणि तीन-चार इंच जाड पट्टी सोलत न्यायची, फावड्याने तिचे दोन-तीन फुटी तुकडे पाडायचे, आणि त्या दिवशी लागतील तेवढेच. वाळले की ते भुगा होतात. गवताची बाजू खाली करून दोन-तीन ढेपा शेजारी शेजारी, सांधे चुकवत रचायच्या, अधूनमधून एक थर आडवा. भिंत दोन-तीन फूट जाड होते आणि पुढे स्वतःच्या वजनाने बसते. म्हणून खिडकीच्या चौकटीवर फट ठेवून तिच्यात गवत किंवा चिंध्या कोंबत. फट विसरली तर चौकट वाकते, काच फुटते. खरे दुखणे छपराचे. झाडे नसल्याने आढे लांबून नदीकाठाहून आणायचे, त्यावर काटक्या, गवत आणि पुन्हा ढेपा. पाऊस थांबल्यावरही छप्पर गळत राही, चिखल ताटात पडू नये म्हणून खाली मलमलीचा कपडा ताणत. थंडीत मात्र हे घर उबदार.

‘ब्रेकिंग’ला नुसते ‘नांगरट’ म्हणू नका, ‘जमीन फोडणे’ म्हणा. मे-जूनमध्ये गवत जोमात असताना दोन-तीन इंचच उथळ थर पालथा घालत, म्हणजे तो कुजे. खोल गेले किंवा उशीर झाला तर थर न कुजता वाळून कडक होई. शरद ऋतूत तोच थर थोडा खोल जाऊन पुन्हा उलटत. आपला देशी लाकडी नांगर माती फोडतो, पालथी घालत नाही, म्हणून इथे ‘पालथी’ हा शब्द आवर्जून हवा. ओतीव लोखंडाच्या नांगराला ती काळी माती चिकटून बसे. जॉन डीअरने १८३७मध्ये इलिनॉयमध्ये गुळगुळीत पोलादी नांगर केला, त्याचे महत्त्व यासाठी. मोठ्या नांगराला बैलांच्या अनेक जोड्या लागत. त्याला आपला ‘सहा बैली’, ‘आठ बैली’ हा प्रयोग तयारच आहे. पहिल्या वर्षी पालथ्या थरात कुऱ्हाडीने चीर पाडून मक्याचे दाणे टाकत. हे ‘पेरणे’ नव्हे, ‘टोकणे’.

राहिल्या गोवऱ्या. बफेलो म्हणजे इथे म्हैस नव्हे, बायसन, तिथले केसाळ रानगुरू. आणि गोवरी थापावी लागते. इथे तर रानात पडून आपोआप वाळलेले शेण पोरे पोत्यात वेचून आणत. त्याला आपल्याकडे ‘रानशेणी’ म्हणतात. ‘बायसनच्या रानशेण्या’ लिहा. १८८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बायसन जवळजवळ संपले, त्यामुळे नंतरच्या काळातल्या प्रकरणांत नुसते ‘चिप्स’ आले तर त्या गाईगुरांच्या समजाव्यात. त्याही नसत तेव्हा गवताचे पीळ घालून चुलीत सारत. ते भराभर जळत, म्हणून चुलीपाशी एक माणूस सतत बसलेला असे. बहुधा घरातले पोरच.