तसं का वाटतं, ते आधी विचार

बेटा,

तुझं पत्र मिळालं. प्रकाशसंश्लेषण तीनदा शिकवलंस, आकृती काढून घेतलीस, व्याख्या पाठ झाली. आणि तरीही बागाईतदाराचा मुलगा म्हणाला, "केळीच्या घडाचं वजन मातीतनंच येतं सर, खतातनं." तू लिहितोस, आता चौथ्यांदा शिकवतो. नको शिकवूस! तसं का वाटतं, हे त्याला एकदा तरी विचारलंस का?

त्याचं उत्तर त्यानं स्वतः पाहिलेलं आहे. चोपडा, यावल, रावेरकडची पोरं बापाबरोबर ठिबकच्या नळ्या तपासत वाढतात. पोटॅश कमी पडलं की घड भरत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. हवेतून पानात काही शिरताना कोणी बघितलंय? त्यातून हवेत कार्बन डायऑक्साइड दहा हजारांत चार भाग. एवढ्याशातून केळीचं खोड उभं राहतं, हे त्यानं तुझ्या आकृतीतल्या एका बाणावरून का मानावं?

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका मुलानं हेच उत्तर दिलं होतं. मी "चूक" म्हटलं, वर्ग हसला, मी हसू दिलं. परीक्षेत त्यानं बरोबर लिहिलं, मी पूर्ण गुण दिले. पंधरा वर्षांनी त्यानं मला स्वतःची बाग दाखवायला नेलं आणि घडावर हात ठेवून म्हणाला, "मॅडम, हे सगळं मातीचं देणं." माझा धडा पेपरापुरता होता. वर्गात साठ मुलं होती, मार्चच्या आत पुस्तक संपवायचं होतं, वरून तपासणी. माझ्या जागी कोणीही तसंच केलं असतं, हे मी आजही म्हणेन. पण "तुला तसं का वाटतं रे?" याला दोन मिनिटं लागतात, आणि ती माझ्याकडे होती.

सतराव्या शतकातला शास्त्रज्ञ हेल्मोंट बघ. त्यानं 200 पौंड कोरड्या मातीत विलोचं रोप लावलं, 5 वर्षं फक्त पाणी घातलं. झाड 5 पौंडांचं 169 पौंड झालं, माती जेमतेम 2 औंस घटली. आणि निष्कर्ष काय, तर झाड पाण्याचं बनतं! 'गॅस' हा शब्द ज्यानं दिला, त्यालाच हवा दिसली नाही. हा प्रयोग 1648 मध्ये छापून आला. कार्बन हवेतून येतो हे सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञानं मोजून मांडलं 1804 मध्ये. मधली दीडशे वर्षं तू एका तासिकेत उरकायला निघालायस.

शिवाय पोरगं अर्धं बरोबरच आहे. ताज्या घडात पाणी जास्त, ते मुळांवाटेच येतं. क्षारही मातीतलेच. ते अर्धं आधी मान्य कर, नाहीतर उरलेलं तो ऐकणार नाही.

पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या काड्यांचा, एक वाळलेला भारा आणायला सांग. त्यालाच तोलू दे. मोकळ्या जागेत पत्र्यावर जाळा, गार झाल्यावर राख तोला. ओंजळभर निघेल. मातीतले क्षार बहुतेक त्यात राहतात (नायट्रोजन मात्र धुराबरोबर जातो, ते पुढे केव्हातरी सांग). मग विचार, बाकीचं वजन कुठे गेलं? आणि गप्प राहा. कितीही वेळ लागो, तू उत्तर सांगायचं नाहीस. तुझी घाई मला माहीत आहे, माझ्याच वर्गात शिकलास.

तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहून पाठव. अहिराणीत म्हणाला तर अहिराणीत.

तुझी,
मॅडम