कॅल्शियम वाढत नाही? आधी मीठ मोजा

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्याकडे ७५ गॅलनची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. आधी नुसते मासे होते, गेल्या वर्षीपासून प्रवाळ ठेवतोय. कॅल्शियम काही केल्या ३५० (लिटरमागे मिलिग्रॅम) च्या वर टिकत नाही. मॅग्नेशियम ११००, अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ८ अंश आणि मीठ, म्हणजे गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता, १.०२२. दर रविवारी कॅल्शियमची पावडर घालतो आणि लगेच बफर, म्हणजे अल्कलिनिटी वाढवणारी पावडर. पाणी थोडा वेळ दुधाळ होतं, हीटरवर पांढरी पुटं चढली आहेत. डोस वाढवू का? – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : नका वाढवू. दोन्ही डबे तूर्तास कपाटात ठेवा. तुमच्या आकड्यांमध्ये मला खटकला तो मिठाचा.

समुद्राच्या पाण्यात किलोमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तेव्हा मीटर १.०२६ दाखवतो, कॅल्शियम ४१० ते ४२० असतं आणि मॅग्नेशियम १२८० ते १३००. तुमचं १.०२२ म्हणजे क्षार फार तर तीसेक ग्रॅम. आता समुद्राचंच पाणी तेवढं पातळ केलं तर काय येईल? कॅल्शियम ३५० च्या आसपास, मॅग्नेशियम ११००. हे तर तुमचेच आकडे! टाकीत एकट्या कॅल्शियमची तूट नाही, सगळं पाणीच पातळ आहे. माशांना ते चालून जातं, प्रवाळाला नाही.

मग रविवारची पावडर जाते कुठे? हीटरवर. कॅल्शियम आणि बफर पाठोपाठ एकाच जागी पडले की तिथल्या तिथे कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. तुमचं दुधाळ पाणी तेच आणि पुटंही तीच. मॅग्नेशियम ही क्रिया रोखून धरतं, आणि तुमच्याकडे तेही कमी. हीटर बंद करून गार होऊ द्या, बाहेर काढा आणि पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवा. पुटं फसफसून निघतील.

मीठ वाढवताना घाई नको. रोज उडून जाणाऱ्या पाण्याऐवजी गोडं पाणी न घालता मीठ विरघळवलेलं पाणी घाला. दिवसाला ०.००१ पेक्षा जास्त चढू देऊ नका. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वाकण्यावरून क्षार मोजणारं उपकरण) वापरा आणि तो ३५ ग्रॅम क्षारांच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या. हे द्रावण स्वस्त मिळतं, पण लोक नेमका तिथेच कंटाळा करतात.

१.०२६ ला पोचलात की सगळं पुन्हा तपासा. कॅल्शियम बहुधा आपोआप ४०० पार गेलेलं असेल. पुढचा आठवडा रोज ठरावीक वेळी फक्त अल्कलिनिटी मोजा. प्रवाळ सांगाडा बांधताना दोन्ही ठरावीक प्रमाणात वापरतो : अल्कलिनिटी १ अंशाने उतरली की कॅल्शियम साधारण ७ ने उतरतं. घरच्या किटवर कॅल्शियममधला ७ चा फरक धड दिसतही नाही, अल्कलिनिटीतला १ अंश मात्र लगेच दिसतो. खप तिथेच कळतो.

खप बेताचा असेल तर मला चुन्याची निवळी सगळ्यांत आवडते, कारण तिच्यातून दोन्ही गोष्टी योग्य प्रमाणात जातात. लोणच्यासाठी मिळणारा शुद्ध चुना घ्या, विड्याचा नको. गॅलनला चहाचे दोन सपाट चमचे टाकून ढवळा, झाकून ठेवा आणि वरचं नितळ पाणी रात्री थेंबथेंब सोडा. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून एकदम ओतायची नाही. रात्री टाकीचा पीएच उतरतो, तोही सावरला जातो. पुढेमागे दोन भागांचं द्रावण (एका बाटलीत कॅल्शियम, दुसरीत अल्कलिनिटी) वापरलंत तर दोन्ही भाग वेगवेगळ्या वेळी, जोरात वाहणाऱ्या पाण्यात घाला.

महाराष्ट्रातूनही काही वाचक अशा टाकीबद्दल विचारतात, त्यांच्यासाठी : भारतात कठीण सांगाड्याचे सगळे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, मालवणच्या समुद्रात ते आजही जिवंत आहेत. कुणी प्रवाळाचा तुकडा विकायला आणला तर कृपा करून घेऊ नका.