शाळेच्या रजिस्टरमधील नोंद आणि पोलीस भरती

घाटंजी तालुक्यातील एका कापूस उत्पादक शेतकऱ्याने लिहिले आहे की, दहावीतील त्यांच्या मुलाने आठवीतील एका मुलाला ढकलल्याने त्याचा हात मोडला. मुख्याध्यापकांनी ही घटना वर्तन रजिस्टरमध्ये लिहिली आणि पालक सभेत सर्वांसमोर वाचून दाखवली. मुलाला पोलीस भरतीत जायचे असल्याने सरपंचांकडून शब्द टाकून ते पान काढून घ्यावे का, असे ते विचारतात.

आपल्या पत्रात भरतीची चिंता ओळीओळीत आहे, परंतु ज्याचा हात मोडला तो मुलगा आता कसा आहे याबद्दल एक शब्दही नाही. ‘घरी आणून पट्ट्याने सोलून काढला’ हे मात्र आपण अभिमानाने लिहिले आहे. मला काळजी रजिस्टरची नव्हे, या दोन गोष्टींची वाटते. आपल्यापेक्षा दुबळ्यावर हात उचलावा हे 15 वर्षांचा मुलगा कुठे शिकला असेल, याचा विचार आपणच करावा.

शाळेतील शेरा भरतीत आडवा येतो, हा समज चुकीचा आहे. चारित्र्य पडताळणी पोलीस ठाण्याच्या अभिलेखावरून होते, शाळेच्या रजिस्टरवरून नाही. उद्या हे प्रकरण 18 वर्षांखालील मुलांची गुन्ह्यांची प्रकरणे पाहणाऱ्या बाल न्याय मंडळापुढे जाऊन निकाली निघाले असते, तरी बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार पोलिसांना ती नोंद चारित्र्य प्रमाणपत्रासाठी उघड करता आली नसती, आणि कलम 24 नुसार मुलावर अपात्रताही आली नसती. अपवाद आहे तो 16 वर्षांवरील मुलांच्या, बाल न्यायालयात चाललेल्या अत्यंत गंभीर गुन्ह्यांचा.

म्हणून पान काढू नका. मुख्याध्यापक बदलून जातात, आणि त्या लहान मुलाला पुन्हा कोणी त्रास दिला, तर आधी काय घडले होते हे नव्या मुख्याध्यापकांना त्या पानावरूनच कळेल. मात्र अल्पवयीन मुलाची नोंद गावासमोर वाचणे ही शाळेची चूकच आहे, आणि त्याबद्दल आपण लेखी हरकत घ्यावी. नोंदीखाली मुलाचे स्वतःचे म्हणणे तारखेसह लिहून घ्यावे, रजिस्टर कुलपात ठेवावे आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील वर्तणुकीच्या रकान्यात या एका घटनेचा शेरा येऊ नये, एवढे त्या अर्जात मागावे.

भरतीसाठी बारावी आणि वयाची 18 वर्षे पूर्ण व्हावी लागतात. धावण्याच्या सरावाला वेळ आहे. येत्या रविवारी मुलाला घेऊन त्या आठवीतल्या मुलाच्या घरी जा, आणि तिथे आपण गप्प राहून आपल्या मुलालाच बोलू द्या.