बाई, ह्या आमच्या रक्तातच आसा काय?

"माझो झील हुशार होतो, बाई. आता पुस्तकाक हात लावना नाय. तेचो आजो दर्यात, बापूस दर्यात. ह्या आमच्या रक्तातच आसा काय?"

मालवण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी दर गुरुवारी समुपदेशक म्हणून बसते. प्रयोगशाळेचा कोपरा, दोन खुर्च्या आणि एक पंखा, तोही मनात आलं तर फिरणारा. तिथे हा प्रश्न शब्द बदलून वर्षातून बऱ्याचदा येतो. कधी विचारणारी आई काजूच्या कारखान्यातली असते, कधी बाप आंब्याच्या बागेत राखणीला असतो. म्हणून यातली एक गोष्ट जरा सविस्तर सांगते. नावं आणि खुणा बदलल्या आहेत.

प्रथमेश नववीत. महिन्यात दहा-बारा दिवस गैरहजर. आजोबा रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, वाटेकरी होते. रापणीला पूर्वीसारखी मासळी लागेनाशी झाली, तसे वडील दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जाऊ लागले. आई काजू सोलते, बोटं तेलाने काळी पडलेली. धाकटी बहीण सातवीत.

पहिल्या दोन भेटी मी वाया घालवल्या. ध्येयाचा तक्ता पुढे ठेवला आणि विचारलं, पाच वर्षांनी तू कुठे असशील? त्याने एकच शब्द लिहिला : बोटीवर. मी नोंदवहीत लिहिलं, 'प्रेरणेचा अभाव'. ते वाक्य अजून तिथे आहे, मी खोडलेलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी तो वही विसरून गेला. परत द्यायला म्हणून उचलली, तर मागच्या पानावर हिशेब. एका बाजूला दहावी, बारावी, पुढची दोन वर्षं, त्यांचा खर्च. दुसऱ्या बाजूला खलाशाचा महिन्याचा पगार. खाली अधोरेखित : उचल 40 हजार.

"ही उचल कुणाची?" पुढच्या भेटीत विचारलं.

"बाबांची. मी गेलंय तर दोन वर्षांत फिटतली."

हे प्रेरणेच्या अभावाचं पान नव्हतं. चौदा वर्षांच्या मुलाने घराचा ताळेबंद मांडला होता आणि त्यात आपल्या शाळेला खर्चाच्या बाजूला टाकलं होतं. त्याचा हिशेब बहुतेक बरोबरच होता, हीच अडचण.

किनाऱ्यावरचं वर्ष कसं फिरतं ते बघा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी. माशांच्या विणीसाठी ती हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण शाळा उघडते जूनच्या मध्यात, म्हणजे घरात एक रुपया येत नसताना. आठवीपर्यंत पुस्तकं फुकट मिळतात. शिक्षणहक्क कायदा वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंतचा. नववीला पुस्तकं, शिकवणी, एसटीचा पास, सगळं अंगावर येतं. मग बोटमालकाकडून उचल. ती फेडायला पुढचा हंगाम त्याच बोटीवर. पगार वाढवून मागायची सोय नाही, दुसरी बोट बघायची सोय नाही. पुढच्या जूनमध्ये परत उचल. वह्यांचे पैसे ज्या कर्जातून आले, त्याच कर्जापायी पोरगं वह्या सोडायला निघालं.

रक्तात काही नसतं, हे मी वहिनींना, म्हणजे प्रथमेशच्या आईला, सांगितलं. 2013 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यासही सांगितला. तामिळनाडूतल्या ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना संशोधकांनी तोडणीच्या आधी आणि पैसे हातात आल्यावर अशी दोनदा कोडी घातली. माणसं तीच; पण हात तंग असताना ती कमी सोडवली गेली, पैसे आल्यावर जास्त. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नारळी पुनवेआधी डोक्यात काय शिरना नाय, ता माका म्हायत आसा," त्या म्हणाल्या. "तेच्यासाठी तामिळनाडूक कित्याक जावक व्हया?"

एक आकडा मात्र मी त्या खोलीत कधी सांगत नाही. ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेच्या 2018 च्या अहवालात अंदाज आहे, की तळाच्या उत्पन्नगटातल्या घराला सरासरी उत्पन्नापर्यंत पोचायला डेन्मार्कमध्ये दोन पिढ्या लागतात, भारतात सात. आईला हे सांगून तिने काय करायचं?

प्रथमेशचं दुसरं दुखणं उशिरा कळलं. गैरहजेरीचे दिवस बोटीच्या वेळापत्रकाशी जुळत नव्हते, गणिताच्या तासांशी जुळत होते. त्याची पाचवी टाळेबंदीत गेली. घरात मोबाइल एकच, आणि तो वडिलांबरोबर समुद्रावर. ऑनलाइन वर्गात अपूर्णांक झाले तेव्हा हा किनाऱ्यावर होता. मग सहावी, सातवी, आठवी तो पुढे सरकत राहिला आणि नववीच्या बीजगणितात सापडला. ज्या घरात दोन मोबाइल होते तिथली पोरं आज त्याच बाकावर बसतात, फरक कुणाला दिसत नाही. "लक्ष लागत नाही" हा शेरा मात्र सगळ्यांना दिसतो.

शिक्षकखोलीत एक सर सहज बोलले, "तो काय, बोटीवरच जायचा." वाईट माणूस नाही, पदरमोड करून मुलांना वह्या देणारा. मी त्यांना उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांवरचा प्रयोग सांगितला. कोण कुठल्या जातीचा हे जाहीर नव्हतं तेव्हा सगळ्यांनी कोडी जवळजवळ सारखीच सोडवली. वर्गात नावासकट जात पुकारली, आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. सर गप्प झाले. शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी प्रथमेशला थांबवलं.

अपूर्णांक त्यांनी रापणीतून शिकवले. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसांचे वाटे. "म्हंजे छेद म्हंजे वाटेकरी," प्रथमेश म्हणाला. आजोबांकडून त्याला हे सगळं येतच होतं. पाचवीच्या पुस्तकातल्या गोल भाकरीशी ते कुणी जोडून दिलं नव्हतं.

(आमचा कोकण विभाग दहावीच्या निकालात राज्यात पहिला येतो. मलाही बरं वाटतं. पण टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची असते. नववीत गळालेला तिच्यात नसतो, नापासांतही नसतो.)

समुपदेशनाने उचल फिटत नाही. निम्मं काम कागदपत्रांचं झालं आणि त्याची मला लाज वाटत नाही. आठवीत एनएमएमएस नावाची सरकारी शिष्यवृत्तीची परीक्षा असते. उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12 हजार रुपये मिळतात. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. प्रथमेशचा अर्ज राहिला, कारण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तालुक्याला जायचं तर वहिनींचा रोज बुडत होता. बहिणीचा दाखला आम्ही आताच काढून ठेवला, ती आठवीत जायच्या आधी. वहिनींच्या बचत गटाशी बोलणं झालं : जूनमधल्या वह्या-पुस्तकांसाठी गटातून कर्ज.

वडील एकदाच भेटले, होळीला बोट बंद होती तेव्हा. हिशेबाचं पान प्रथमेशनेच त्यांच्यापुढे ठेवलं. बराच वेळ बघून ते म्हणाले, "उचल माझी आसा. तुझी न्हय." इतकंच. मी बरेच गुरुवार जे सांगायचा प्रयत्न करत होते, ते त्यांनी दोन वाक्यांत उरकलं.

तो आता दहावीत आहे. बोटीवर जायचं त्याने सोडलेलं नाही, पण म्हणतो, "इंजिनावर जातलंय. डिझेल मेकॅनिक." आयटीआयची चौकशी त्यानेच केली. मी तक्ता काढला नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. बाहेर पाऊस कोसळत होता, आवाज तुटत होता.

"बाई, ह्या वर्षी उचल 25 च घेतली. वह्ये गटाच्या पैशान इले."

"आणि प्रथमेश?"

"जाळी शिवता हा बापाशीबरोबर. शाळा साडेधाक. जातलो."