ज्याच्यात दम असतो तो पुढे जातोच, मग आपल्या बोलण्याने कोणाचं स्वप्न खरंच मोडतं का?

तुम्ही लिहिलंय की मित्राने नोकरी सोडून चित्रकला शिकायचा विचार सांगितला, तुम्ही ‘या वयात हे जमणार नाही’ म्हणालात, आणि तेव्हापासून तो या विषयावर बोलतच नाही. पुढे तुमचा प्रश्न: ज्याच्यात दम असतो तो कोणी काहीही बोललं तरी करतोच ना?

मी खूप वर्षं असंच मानत होतो. आता मानत नाही.

या मताच्या बाजूने नेहमी एक गोष्ट सांगितली जाते. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन गर्डन पंधरा वर्षांचे असताना, १९४९ साली, त्यांच्या जीवशास्त्राच्या शिक्षकांनी प्रगतिपुस्तकात लिहिलं की या मुलाला शास्त्रज्ञ व्हायचंय, पण सध्याची प्रगती पाहता ही कल्पना हास्यास्पद आहे. २०१२ साली गर्डन यांना नोबेल मिळालं. तो कागद त्यांनी चौकट करून आपल्या टेबलाजवळ लावला होता. गोष्ट खरी आहे. पण ती आपल्यापर्यंत पोचली ती गर्डन जिंकले म्हणून. तसाच शेरा वाचून ज्यांनी वही मिटली त्यांचे कागद कोण चौकटीत लावणार? शिवाय गर्डन यांना शाळेनंतर वर्षभर जीवशास्त्राची खासगी शिकवणी मिळाली, आणि तिचा खर्च घरच्यांनी उचलला. एका माणसाने नाही म्हटलं तेव्हा दुसरं कोणीतरी पाठीशी उभं होतं, हा भाग सांगताना गळून जातो.

आणि दम असलेल्यांचं म्हणाल, तर खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यम चंद्रशेखर यांच्याहून जास्त दम कोणात असणार? ११ जानेवारी १९३५ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत सांगितलं की एका मर्यादेपलीकडे वजनदार असलेला तारा इंधन संपल्यावर श्वेत बटू, म्हणजे लहान आणि घट्ट तारा, म्हणून स्थिरावू शकत नाही, तो आकुंचन पावतच जातो. त्यांच्यामागून त्या काळचे नामवंत खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन बोलायला उठले. तारा असा विचित्र वागू नये यासाठी निसर्गात काहीतरी नियम असलाच पाहिजे, असं म्हणून त्यांनी ते सगळं उडवून लावलं. हे एडिंग्टन परके नव्हते. आधीचे कित्येक महिने ते चंद्रशेखरांची आकडेमोड आपुलकीने पाहत होते. चंद्रशेखरांनी तो विषय १९३९ च्या आपल्या पुस्तकात मांडला आणि बाजूला ठेवून दुसऱ्या अभ्यासाकडे वळले. गणित त्यांचंच बरोबर होतं. १९८३ साली त्यांना नोबेल मिळालं, पण मधली वर्षं कोणी परत दिली नाहीत. एवढ्या ताकदीचा माणूस वाट बदलतो, तर आपल्या ओळखीच्या साध्या माणसाकडून आपण कसली अपेक्षा करतो?

आता माझं सांगतो. धाकटा भाऊ सतरा वर्षांचा असताना त्याने कथांची वही माझ्या हातात दिली होती. मी उभ्याउभ्या दोन पानं चाळली आणि म्हणालो, ‘छंद म्हणून ठीक आहे.’ रागाने नाही, टोमणा म्हणूनही नाही. त्याच्या काळजीपोटीच. पुढे बारा वर्षांनी जुनी कपाटं आवरताना ती वही निघाली. मी विचारलं, ‘अरे, तू लिहायचं का सोडलंस?’ तो शांतपणे म्हणाला, ‘तू म्हणालास ना, छंद म्हणून ठीक आहे.’ मी कुठे उभा होतो, वही कुठल्या पानावर मिटली, सगळं त्याच्या लक्षात होतं. मला ते वाक्य आठवतसुद्धा नव्हतं.

तो मोठा लेखक झाला असता असा दावा मी करणार नाही. कदाचित नसता झाला. पण ते त्याला स्वतःला लिहून कळायला हवं होतं, माझ्याकडून दोन पानांत नव्हे.

स्वप्न नवं असतं तेव्हा त्याच्या बाजूने काहीच पुरावा नसतो. ना अनुभव, ना यश. माणूस ते पहिल्यांदा बोलून दाखवतो आणि आपल्या चेहऱ्याकडे बघतो. तोच त्याचा पहिला पुरावा. म्हणून परक्याच्या दहा शिव्यांपेक्षा जवळच्याचं एक थंड वाक्य जास्त खोल जातं.

याचा अर्थ उठसूट पाठ थोपटावी असा नाही. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं आणि काहींना ‘तू खूप मेहनत घेतलीस’. पुढे अवघड कोडी आली आणि चुकली, तेव्हा हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली. कौतुकसुद्धा माणसावर शिक्का मारतं, आणि मग तो शिक्का सांभाळायची धास्ती लागते.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांच्या पत्राने. जानेवारी १९१३ मध्ये रामानुजन यांनी हार्डी यांना आपली गणिती सूत्रं पाठवली. त्याआधी केंब्रिजच्याच दोन गणितज्ञांकडून उत्तेजनाचा शब्द आला नव्हता. हार्डी यांनी ‘तुम्ही थोर आहात’ असं लिहून विषय संपवला नाही. मला यात फार रस आहे, आता सिद्धता पाठवा, असं कळवलं. म्हणजे मागणी केली. माणूस काहीतरी करू शकेल असं वाटतं तेव्हाच आपण त्याच्याकडे काही मागतो. उत्तरात रामानुजन यांनी लिहिलं की माझ्या श्रमांकडे सहानुभूतीने पाहणारा मित्र मला तुमच्यात मिळाला.

तुमची शंका खोटी असेल असं मी म्हणत नाही. पैशाचं काय, किती दिवस पुरतील, हे विचारायलाच हवं. पण ‘जमणार नाही’ म्हटलं की बोलणं तिथेच खुंटतं. ‘सहा महिने कसे काढशील, काही ठरवलंयस का?’ असं विचारलं की तो बसून हिशोब मांडतो. हिशोब बसला नाही तर तो स्वतःच थांबेल, आणि त्या थांबण्याने तो मोडणार नाही.

मित्राला फोन करा. लांबलचक माफी नको, त्याने त्यालाच अवघडल्यासारखं होईल. ‘त्या दिवशी मी तुझं पूर्ण ऐकलंच नाही. काढलेली चित्रं घेऊन ये, बघायची आहेत,’ एवढं म्हणा. आणि तो आला की बसून बघा. सगळी.